वाटेत हलकी झालेली अंडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली. तिथे एक गोष्ट पक्की शिकलो, जे लिहिलेलं नाही ते कोर्टात घडलेलंच नसतं. आणि या अंड्यांच्या प्रकरणात पुढेमागे काहीतरी निघणार, असं माझं मन आत्ताच सांगतंय.

प्रकरण असं. हिच्या माहेरी एका जातीच्या कोंबड्या आहेत. राखाडी, ठिपक्यांच्या, पायाच्या बोटांपर्यंत पिसं. त्यांना घरात ‘मोजेवाल्या’ म्हणतात. हिच्या आजीपासून चालत आलेल्या, बाहेर कुठे बघायला मिळत नाहीत. आता मेव्हणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, एप्रिलअखेर घराला कुलूप लावून मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला जाणार. चौथ्या मजल्यावर कोंबड्या कोण ठेवू देणार? तेव्हा त्याआधी टपालाने अंडी पाठवतो, तिकडे उबवून घे, असं त्याने हिला कळवलं. ही म्हणाली, “आईबाबांच्या घरातलं दुसरं काही मागत नाही मी. त्या कोंबड्या आपल्या अंगणात फिरू देत. एवढं एकच.”

मेव्हण्याचं आणि माझं एकोणीस वर्षं बोलणं नाही. त्याचा हातसाबणाचा छोटा कारखाना होता. वेष्टनावर शंभर ग्रॅम छापलेलं, काट्यावर वडी भरली चौऱ्याण्णव. “दाजी, वडी ओली असताना शंभर भरते, वाळली की उतरते,” म्हणाला. पकडल्यावर सगळे काहीतरी म्हणतातच. नात्यातला म्हणून सोडला असता तर खात्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. खटला केला. नंतर कारखाना बंद पडला, त्याला मी काय करणार? नमुन्याची एक वडी माझ्याकडेच राहिली. कापडात बांधलेली, लाखेचं सील, वर वजन आणि माझी सही. टेबलावर कागद दाबायला बरी पडते. हिला ती आवडत नाही. धूळ पुसताना बाकी सगळं पुसते, वडीच्या कडेने फडकं फिरवते.

तेव्हापासून ही माहेरी गेलेली नाही. “तुम्हाला सोडून मी एकटी जाणार नाही,” म्हणाली होती, आणि शब्द पाळला. अशी बाई मिळायला नशीब लागतं.

अंड्यांना मी परवानगी दिली, पण एका अटीवर. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक आणि वजन लिहायचं, आणि तशीच यादी वेगळी पाठवायची. वजनात मारायची मेव्हण्याला सवय आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

डबा आला. गुरुवारी यायचा तो आज उगवला. चार दिवस कुठे होता? विचारलं तर पोस्टमन म्हणतो, “काका, वर गाडी अडली होती.” कोणती गाडी, कुठे अडली, काही नाही. हा नवीन पोस्टमन चालता-बोलता शीळ घालतो, म्हणून मी त्याला शीळवाला म्हणतो. उगाच आनंदी माणसाचा मला भरवसा वाटत नाही.

आज मात्र शीळ घालत नव्हता. सायकल हाताने ढकलत आणली, डबा छातीशी धरलेला. “खड्डे आहेत ना काका, म्हणून चालत आलो.” मी नीट बघून घेतला. एवढी काळजी माणूस कधी घेतो? काहीतरी लपवायचं असतं तेव्हा.

बारापैकी पाच फुटलेली. उरलेली सात सोनाराच्या काट्यावर घातली. हा काटा मी निवृत्त होताना विकत घेतला, केसाचंही वजन दाखवतो. सातही अंडी यादीपेक्षा हलकी. कुठे अर्धा ग्रॅम, कुठे पाऊण. एकही बरोबर नाही!

दोनच शक्यता. एक, मेव्हण्याने वजन चढवून लिहिलं. दोन, वाटेत कुणीतरी चांगली अंडी काढून घेतली, साधी घातली आणि आकडे जसेच्या तसे उतरवले. ही म्हणाली, “अहो, आधी उबवायला तरी ठेवा.” पण पुराव्याला एकदा हात लागला की संपलं. पोस्टाला तक्रार लिहिली आहे. तपासणीला माणूस येईपर्यंत अंडी टेबलावर, उघड्यावर, कागदाच्या पट्टीवर ठेवली आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तपासणीला कुणी आलं नाही. येणार कशाला? शेवटी अंडी उबवणपेटीत ठेवली. पेटी मीच केली आहे, थर्माकोलचा खोका, आत दिवा, कोपऱ्यात पाण्याची वाटी, तापमापक दोन. एकावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवडा झाला. अंडी एकेक करून दिव्यासमोर धरली. आत काहीच नाही, नुसता पिवळा उजेड. सातही पोकळ. ही शेजारी उभी होती. पहिल्या तीन अंड्यांपर्यंत थांबली, मग स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. मी म्हटलं, “पाणी वाया जातंय,” तर बंद केला.

आता माझी खात्री आहे. बाजारातली अंडी आहेत ही, यांच्यात जीव असणारच कुठून?

४ मार्च, मंगळवार

दुसरा डबा. या खेपेला दिवस बरोबर, फुटलेलं एकच. मेव्हण्याने प्रत्येक अंडं वेगळ्या कागदात गुंडाळून लाकडाच्या भुशात बसवलेलं. काम नीट आहे, ते मान्य करायला हवं. पण वजनं पुन्हा कमी! अकराच्या अकरा, अर्धा ते एक ग्रॅम. आणि गंमत म्हणजे, कमी होण्यातही शिस्त आहे. मोठं अंडं जरा जास्त कमी, लहान अंडं जरा कमी कमी. साध्या चोराला हे जमायचं नाही. डोकं असलेला माणूस आहे.

शीळवाल्याने दारात पाणी मागितलं. ही लगेच आत बोलावून बसली. तो पाणी पिता पिता उबवणपेटीकडे टक लावून बघत होता. “काका, आमची आई पण कोंबड्या पाळते. अंडी लई हलवू नका, आणि एक दिवस टोक खाली करून थंड ठेवा, प्रवासाने दमतात.” अंडी दमतात! मी हिच्याकडे पाहिलं, तर ही मान डोलावत होती.

पेटी आता घरातही सुरक्षित नाही. तेव्हा उपाय केला. प्रत्येक अंड्याला पारदर्शक वॉर्निशचे दोन हात दिले, सबंध अंड्याला. आता पेन्सिलीचा आकडा कुणी पुसू शकणार नाही आणि अंडं बदललं तर चकाकीवरून लगेच कळेल. याला म्हणतात सील.

हिने भावाला फोन केला असावा. जेवताना म्हणाली, “भाऊ म्हणतो, अंड्याला श्वास घ्यावा लागतो.”

“नाक कुठे असतं त्याला? वर की खाली?” मी विचारलं.

ती हसली नाही. एरवी हसते.

१२ मार्च, बुधवार

अकरापैकी अकरा गेली. चार तासांनी एकदा बाहेर काढून वजन करत होतो, तरीसुद्धा. म्हणजे माझ्या देखरेखीत काही कमी नव्हतं.

हिला म्हटलं, “बघितलंस? आधीच मेलेली पाठवतात.” ही म्हणाली, “तुम्ही त्यांच्या हात धुऊन मागे लागलात हो.” कुणाच्या मागे, ते सांगितलं नाही. मग वॉर्निशची बाटली उचलून बाहेर कचऱ्यात टाकून आली. अर्धी भरलेली होती.

एकच खेप राहिली आहे. महिनाअखेर मेव्हणा कोंबड्या वाटून टाकणार. ही आज दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. मला त्रास झाला, का होऊ नये? मी कुणासाठी करतोय हे सगळं?

२० मार्च, गुरुवार

काही नोंदी, सुट्या.

ही रोज सकाळी पोस्टाच्या बाजूला फिरायला जाते. म्हणते, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, आठवण आत्ता झाली.

काल शीळवाला फाटकाशी हिच्याशी बोलत होता. मी खिडकीत आलो तसा गप्प झाला आणि शीळ घालत निघून गेला.

फडताळात तांबूस अंड्यांचा अख्खा ट्रे. आम्ही दोघं, मला डॉक्टरांनी अंडी कमी करायला सांगितली आहेत. “एवढी कशाला गं?” विचारलं तर म्हणाली, “असू देत, लागतात.”

शीळवाल्याने हिला भोळी बघून गाठली आहे, असं वाटतं. हिला कळणार नाही, हिच्या मनात कपट नाही.

२७ मार्च, गुरुवार

सापडला! बत्तीस वर्षांत असा पुरावा हाती लागला नव्हता.

तिसरा डबा आज आला. ही फिरायला गेली होती, पोस्टातून स्वतःच घेऊन आली. बारा अंडी, एकही फुटलेलं नाही. काट्यावर घातली. क्रमांक तीन यादीत एकोणपन्नास ग्रॅम, भरलं पंचावन्न. वाटेत अंडं वाढलं की काय? क्रमांक आठ पाच ग्रॅमने कमी. क्रमांक अकरा चार ग्रॅमने जास्त. आधीच्या दोन खेपांची ती शिस्त कुठल्या कुठे गेली. या वेळी चोराने घाई केली.

आणखी एक. अंड्यांवरचं अक्षर मेव्हण्याचं नाही. सातचं शेपूट आत वळवून त्याला गाठ मारल्यासारखं केलंय. असा सात मी कुठेतरी पाहिला आहे. खात्यातल्या जुन्या फायलीत असावा. आठवेल.

हिला सांगितलं, “अंडी बदलली आहेत, शंभर टक्के.” ही भाजी चिरत होती. “हो का?” म्हणाली, आणि चिरत राहिली. धक्का बसला असणार.

उद्या पोस्टात जातो.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी दहालाच पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाई मला ओळखतात, माझ्या सगळ्या तक्रारी त्यांनीच घेतल्या आहेत. जाड चष्मा, कपाळावर आठी. शीळवाला मागे टपाल लावत होता. मला बघून त्याच्या हातातलं एक पत्र खाली पडलं. मी टिपून ठेवलं.

मी यादी समोर टाकली आणि म्हटलं, “आता बोला.”

बाईंनी यादी वाचली, मग मोठं रजिस्टर काढलं. “साहेब, आम्ही प्रत्येक डबा तिथे घेताना तोलतो आणि इथे देताना तोलतो. हे बघा. तिकडचं वजन आणि आमचं वजन. दहा ग्रॅमचा फरक.”

“म्हणजे दहा ग्रॅम गेले कुठे?”

“हवेत.” बाई थट्टा करत नव्हत्या. “सगळं हलकं होऊनच येतं हो. कलमं, कांदे, ओलं लाकूड, हातसाबण, अंडी. जे जे ओलं असतं ते वाळतं. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी उडतं. एवढा फरक आम्ही धरतच नाही. तुम्ही वजनमापे खात्यात होतात ना? तुम्हाला मी काय सांगणार.”

मी म्हटलं, “आणि सहा ग्रॅम वाढलेलं अंडं?”

“ते मला नाही माहीत. डबा इथून बंद गेला. सही केली आहे घेणाऱ्याने.”

रजिस्टर फिरवून माझ्यापुढे केलं. हिची सही. शेजारी तारीख, सत्तावीस. सातचं शेपूट आत वळवून गाठ मारलेली.

दुधाच्या वहीत, धोब्याच्या यादीत, मुलीला लिहिलेल्या प्रत्येक पत्रावर तो सात मी छत्तीस वर्षं बघतोय.

तक्रारीचा कागद खिशात ठेवला. बाहेर पडताना मागून बाई म्हणाल्या, “साहेब, बरं वाटतंय ना?”

त्याच दिवशी, दुपारी

घरी आलो ते हिला जाब विचारायला. पण वाटभर डोक्यात अंडी नव्हती, सात नव्हता. हलक्या होऊन येणाऱ्या वस्तू बाईंनी मोजून दाखवल्या, त्यातला एकच शब्द होता, हातसाबण.

ही मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी टेबलाशी बसलो. साबणाची वडी उचलली. सील माझं, अखंड. सही माझी. कापडावर माझ्या अक्षरात ‘९४’. एकोणीस वर्षं ती याच टेबलावर आहे, कुणी हात लावलेला नाही, हिनेसुद्धा नाही. सील तसंच ठेवून काट्यावर ठेवली. मग सील फोडलं, कापड काढलं आणि नुसती वडी ठेवली. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवली. तीनदा.

ऐंशी ग्रॅम.

चोर कोण? या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

हिला विचारलं. म्हणजे विचारायला तोंड उघडलं, आणि तिने टेबलावरची उघडी वडी पाहिली.

“बदलली,” ती म्हणाली. “मीच बदलली. पहिली खेप तुम्ही पुरावा म्हणून मारलीत, दुसरी सील करून. तिसरीला तुमचा हात लागू देणार नव्हते. बत्तीस वर्षं चोर पकडलेत ना? घ्या, पकडा.”

“आहेत कुठे?”

“पोस्टमनच्या आईकडे. तिची कोंबडी खुडूक बसली आहे, तिच्याखाली ठेवली. तो बिचारा घाबरत होता. म्हणाला, काकू, काकांना कळलं तर माझी नोकरी जाईल. मी म्हटलं, माझ्यावर घाल सगळं.”

मला राग यायला हवा होता. मी म्हटलं, “साबण खरंच वाळतो गं.”

ती खुर्चीवर बसली. हातातल्या कपड्यांच्या चिमट्यांशी चाळा करत राहिली.

“मला तेव्हाच माहीत होतं,” ती म्हणाली. “माहेरी गेले की भावाच्या कारखान्यात मीच वड्या फळीवर लावायचे. तुम्हाला किती सांगितलं. मग सांगायचं सोडलं.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “मी एकटी माहेरी जाणार नाही म्हटलं होतं ना, ते तुमच्यासाठी नव्हतं हो. त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू, म्हणून.”

चार फेब्रुवारीची माझी नोंद आत्ता परत वाचली. खोडावीशी वाटली. पण खाडाखोड केलेली नोंद ग्राह्य धरत नाहीत. राहू दे.

२ एप्रिल, बुधवार

मेव्हण्याला पत्र लिहायला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात नियम आणि कलमं आली. दुसऱ्यात मी त्या वेळी किती तरुण होतो हे आलं. दोन्ही फाडले. पाठवलं ते एवढंच:

‘वडी आज ऐंशी भरते. सील शाबूत होतं. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. तू सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. कारखाना गेला तो माझ्यामुळे.’

सोबत वडी गुंडाळून दिली. ती त्याची आहे. खिडकीवर बाईंनी विचारलं, “वजन काय लिहू?” म्हटलं, “तुम्हीच तोला. माझ्या काट्यावर जाऊ नका.”

शीळवाला मागे उभा होता. त्याला म्हटलं, “तुझ्याविरुद्धच्या तक्रारी मागे घेतल्या आहेत.” तो म्हणाला, “किती होत्या काका?” पाच, म्हटलं. “एवढ्या!” म्हणाला, आणि वर हसला. या माणसाचं काय करावं कळत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

उत्तर नाही. दोन दिवसांत पोचणारं पत्र, नऊ दिवस झाले. पोचलं नसेल? की पोचलं आणि त्याने फेकून दिलं? शीळवाल्याला विचारणार होतो, विचारलं नाही. ही रोज दुपारी फाटकाशी जाऊन उभी राहते. घराला कुलूप लागायला एकोणीस दिवस आहेत.

१८ एप्रिल, शुक्रवार

ही सकाळपासून शीळवाल्याच्या घरी आहे. मी जायचं नाही, असं ठरलं आहे. मीच ठरवलं. दुपारी फोन आला. “निघाली हो! नऊ निघाली! मोजे घालून आली आहेत!” तिचा असा आवाज मी कधी ऐकला होता, आठवत बसलो.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी शीळवाला आला. सायकल ढकलत, छातीशी खोका. आत कागदाच्या पट्ट्यांवर नऊ राखाडी गोळे, पायांना पिसं फुटलेली. ही धावली. गुडघे कुठे गेले कुणास ठाऊक.

“काका, हे पण आहे,” म्हणून त्याने बगलेतलं एक छोटं पुडकं माझ्या हातात दिलं.

मेव्हण्याचं अक्षर. पुडक्यात माझीच वडी, मधोमध कापलेली, अर्धीच. दुसरा अर्धा भाग त्याने ठेवून घेतला. सोबत चिठ्ठी:

‘दाजी, अजून फेस येतो. हात धुऊन बघा. मी रोज धुतोय, म्हणून उत्तराला उशीर झाला. तीस तारखेला कुलूप लावणार. त्याआधी ताईला घेऊन या. तुम्ही या.’

मी चिठ्ठी हिच्यापुढे धरली. तिने माझ्या हातातून घेऊन वाचली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “आधी पिल्लं धरा एकदा. हात धुऊन या, घाण लागायला नको त्यांना.”

नळाखाली गेलो. वडीचा कापलेला भाग आतून ओलसर, पिवळा होता, एकोणीस वर्षांनंतरसुद्धा. मग दोन्ही हात पुढे केले आणि तिने त्यात एक पिल्लू ठेवलं. किती वजन असेल ते मी सांगू शकत नाही, काटा फडताळात आहे.

सव्वीसची दोन तिकिटं काढली आहेत. पिल्लं आठवडाभर शीळवाल्याची आई बघेल.

फेस खरंच येतो.